रिपोर्टात विषाणू सापडत नाही, मग गोळ्या का? गणिताने सांगता येईल का?

समुपदेशक_ताई: अकरा वर्षं एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशन करतेय. सोमवारी एक बाई व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात किती विषाणू आहेत त्याचा, रिपोर्ट घेऊन आल्या. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'च्या खाली पेनाने दोन रेघा मारलेल्या. "मॅडम, सापडतच नाही तर गोळी कशाला? इथं यायचं म्हणजे रोजाचा खाडा." मी "आयुष्यभर घ्यायची" एवढंच म्हणाले आणि ते मलाच अपुरं वाटलं. एचआयव्हीचं शरीरातलं गणित मांडतात म्हणे. माझं गणित बारावीपर्यंतचं.

गणितवाला: बारावी पुरे, ताई. विहीर डोळ्यांसमोर आणा. झरे जेवढं देतात तेवढंच मोटर उपसते, पाणी हलत नाही. औषध न घेणाऱ्याचा व्हायरल लोड असाच वर्षानुवर्षं साधारण एका पातळीवर राहतो. किती उपसा चाललाय ते झरा बुजवल्याशिवाय कळत नाही. रिटोनाविर हे औषध देऊन संशोधक डॉक्टर डेव्हिड हो यांच्या गटाने झरा बुजवला, विषाणू किती वेगाने घटतात ते गणित करणाऱ्या ॲलन पेरेलसन यांनी मोजलं. १९९६च्या त्या अभ्यासात रुग्ण फक्त ५, पण सुरुवातीला दर दोन तासांनी रक्त घेतलेलं! समीकरण साधं: विषाणूंच्या संख्येतला बदल म्हणजे बाधित पेशींतून सुटलेले वजा शरीराने साफ केलेले. उत्तर आलं ते असं: रक्तातले विषाणू साधारण ६ तासांत निम्मे होतात, बाधित पेशी सरासरी २.२ दिवस जगते, रोज सुमारे १००० कोटी नवे विषाणू तयार होतात. एवढ्या नकला होताना एका औषधाला चकवणारी चूक कुठेतरी होणारच. तीन औषधांना एकदम चकवणं फार अवघड, म्हणून एचआयव्हीवरच्या टीएलडी या एका गोळीत तीन औषधं.

सूक्ष्मजीव_लॅब: पण त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर झोपलेल्या पेशींत आहे. काही टी-पेशी (एचआयव्ही ज्यांच्यात शिरतो त्या पांढऱ्या पेशी) विषाणूचा आराखडा आपल्या डीएनएत घेऊन गप्प पडून राहतात. व्हायरल लोडच्या तपासणीत त्या दिसत नाहीत, औषधही त्यांना शिवत नाही. अशा पेशी निम्म्या व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. १० लाख धरा. संपायला वीस वेळा निम्मं करावं लागेल. ४४ गुणिले २०, म्हणजे ८८० महिने. ७३ वर्षं! गोळी थांबवली की बहुतेकांचा विषाणू काही आठवड्यांत परत वर येतो.

समुपदेशक_ताई: आज त्या बाई पुन्हा आल्या होत्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर १० लाख लिहिलं, खाली ५ लाख, अडीच, सव्वा, आणि प्रत्येक ओळीशेजारी "पावणेचार वर्षं". सहाव्या ओळीला त्यांनीच माझा हात धरला. म्हणाल्या, "लव्हाळ्यासारखं म्हणा की. वरचं खुरपून टाकलं तरी खाली गाठी असत्यात." अकरा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतील का, ते डॉक्टरांशी बोललेय. कॅलेंडरचं ते पान त्या घडी घालून घेऊन गेल्या.