पंधरा वर्षं कुणालाच कसा संशय आला नाही? (महानंद नाईक)

सावंतवाडीकर:
काल रात्री महानंद नाईकची केस वाचत बसलो आणि झोपच उडाली. गोव्यातला दुपट्टा किलर म्हणून पेपरात यायचं तोच. 2009 च्या एप्रिलमध्ये धरला आणि 1994 पासून 16 बायकांना मारल्याचं कबूल केलं म्हणे. आता गोवा केवढासा, इथे कुणाच्या म्हशीने कुणाचं कुंपण मोडलं ते दुसऱ्या दिवशी बाजारात कळतं, मग 15 वर्षं बायका गायब होतात आणि कुणालाच काय वाटत नाही? पोलीस झोपलेले की लोक?

खाडीपलीकडचा:
आधी एक सांगतो, तो शिरोड्याचा म्हटल्यावर वेंगुर्ल्याकडचे दचकतात. ते शिरोडा गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं, वेंगुर्ल्याजवळचं मिठागरांचं आपलं नव्हे.
आता संशयाचं. पूर्वी रिक्षा चालवायचा, स्वतः लग्न झालेला. गाठायचा कुणाला, तर गरीब घरातली, लग्न लांबलेली पोरगी. हुंड्याचं नाव नाही, वर घरच्यांना दाखवायला नेतो, दागिने घालून ये म्हणायचा. मग आडरानात नेऊन तिच्याच ओढणीने गळा आवळायचा आणि सोनं विकायचा. दागिन्यांसकट गेलेली पोरगी म्हणजे घरच्यांच्या लेखी पळून गेलेलीच ना!

माईची लेक:
हेच. आमच्या वाडीत एक गेलेली, घरचे सगळ्यांना 'मुंबैक कामाक गेली' म्हणून सांगत सुटले, पोलिसात जायचं नावच नाही, अब्रू जाईल म्हणून. ती पुढे घोवाक घेऊन गणपतीला आली, आईने गुपचूप दोन पाटं मांडली, विषय संपला. पण नसती आली तर कोण शोधणार होतं तिला? झोपलेले कोण ते तुम्हीच ठरवा.

कारवारी बांगडा:
त्याच 2009 मध्ये आमच्या खालच्या अंगाला मंगळूरकडे सायनाइड मोहन पकडला, पूर्वी शाळेत शिकवायचा. तिथेही लग्नाचं आमिष आणि सोनंच. मुलीला लांबच्या शहरात लॉजवर न्यायचा, सकाळी दागिने खोलीतच ठेवायला लावून बसस्टँडवर आणायचा, गर्भ राहू नये म्हणून गोळी देतो म्हणत सायनाइड द्यायचा, टॉयलेटमध्ये जाऊन घे सांगायचा. मुलगी हरवल्याची नोंद एका जिल्ह्यात, बेवारस मयत भलत्याच गावात, आत्महत्या म्हणून फाइल बंद! असे 20 खून. शेवटी मोबाइलच्या कॉल रेकॉर्डवरून माग लागला.

सावंतवाडीकर:
बापरे. मग महानंदला सोळाही केसमध्ये शिक्षा झाली का?

खाडीपलीकडचा:
नाय रे बाबा. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, आणि दहा-बारा वर्षांनी रानात मिळालेली हाडं कुणाची हे सिद्ध कसं करणार? जन्मठेप लागली ती मोजक्या केसेसमध्ये, बऱ्याचशा केसेसमधून पुराव्याअभावी सुटला.