आईच्या दुखण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर करू का? लवकर सांगा प्लीज

प्राजक्ता_०७:
आईला कॅन्सर आहे, ट्रीटमेंट झालीये पण दुखणं काही केल्या थांबत नाही, सकाळी उठली की मूठच वळत नाही, पाण्याचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून पिते. पेनकिलरने पित्त खवळतं. मावशी म्हणते अ‍ॅक्युपंक्चर कर, बाबा म्हणतात सुया टोचून कॅन्सर जातो का. करू की नको एवढंच सांगा, शनिवारपर्यंत ठरवायचंय.

उनाडवारा:
कुठला कॅन्सर? केमो चालू आहे का? फक्त हातच दुखतात का?

शेवंती:
माझ्या सासऱ्यांचा प्रोस्टेटचा हाडात गेला होता, त्यांना आराम पडला तो मॉर्फीननेच. सवय लागेल या भीतीने आम्ही उगाच दोन महिने त्यांना तळमळत ठेवलं, अजून जिवाला लागतं. सुयांच्या नादी लागू नका, नीट पेनकिलर मागा.

निषाद:
शेवंतीताई, हाडात गेलंय असं कुठे म्हणाल्या त्या?

प्राजक्ता_०७:
ब्रेस्टचा. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं मागच्या वर्षीच संपलं, आता नुसती रोजची गोळी.

निषाद:
अहो कुठली गोळी? सगळं त्यावरच आहे.

प्राजक्ता_०७:
लेट्रोझोल. पाच वर्षं घ्यायचीये. आई म्हणते बंदच करते.

निषाद:
परस्पर बंद करू देऊ नका! कॅन्सर परत येऊ नये म्हणून आहे ती. तिने इस्ट्रोजेन खाली जातं आणि सांधे धरतात, खूप बायकांना होतं. नेमक्या याच दुखण्यावर अमेरिकेत २२६ बायकांवर ट्रायल झाली, २०१८ ला छापून आली. सहा आठवडे आठवड्यातून दोनदा, मग सहा आठवडे एकदा. खोट्या, नुसत्या नावाच्या सुयांपेक्षा खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने जास्त फरक पडला.

तर्कसंगत:
दुखणं दहाच्या मापावर खऱ्याने दोन उतरलं, चुकीच्या जागी वरवर टोचलं तरी एक उतरलंच. एका आकड्यासाठी बारा आठवडे खेपा?

कांचन_म:
एक आकडा कागदावर छोटा दिसतो हो. मी घेतलंय, सातव्या सेशननंतर बरणीचं झाकण एकटीने उघडलं आणि तिथेच रडले. गोळी सोडायचं डोक्यातून गेलं, माझ्यासाठी तेच मोठं.

तर्कसंगत:
तुम्हाला बरं वाटलं याचा आनंदच आहे. पण तुमच्या अनुभवावरून सगळ्यांना सांगता येत नाही.

निषाद:
म्हणून तर ट्रायलचं सांगितलं. २०२२ मध्ये अमेरिकन कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेच्या गाईडलाईनमध्येही या सांधेदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर आलंय.

सायली_क:
केसांची काळजी करू नका, माझ्या बहिणीचे छान परत आले, चक्क कुरळे.

उनाडवारा:
केसांचं कोणी विचारलंच नाहीये. प्राजक्ता, रक्ताचा रिपोर्ट बघ आधी, प्लेटलेट्स किंवा पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर थांबायचं. सुया एकदाच वापरायच्या, समोर पाकीट फोडायला लाव. आणि पाठ नव्याने दुखायला लागली, पायातली ताकद गेली तर सुया नाहीत, तडक हॉस्पिटल.

प्राजक्ता_०७:
रिपोर्ट नॉर्मल आहेत. डावा हात जरा सुजलेला असतो ऑपरेशनपासून, ते चालतं ना?

कांचन_म:
अगं हे आधी सांगायचं ना! काखेतल्या गाठी काढल्यात ना त्या बाजूच्या? सुजलेल्या हाताला सहसा टोचत नाहीत, दुसऱ्या जागा घेतात. पहिल्याच दिवशी सांग त्यांना, आणि कॅन्सरच्या पेशंटची सवय असलेलाच माणूस बघ.

प्राजक्ता_०७:
गाठी काढल्यात हो. उद्या ऑन्कोलॉजिस्टना हाताचं आणि गोळीचं दोन्ही विचारते. आई आत्ताच म्हणाली बारा आठवडे बघते, तोपर्यंत गोळी घेते.