दर महिन्याला घराची आणि कामाची नोंद लिहायची आहे. काय लिहावं, कशावर लिहावं?

सुदामानगर_बाबा

नमस्कार मंडळी. मुक्काम इंदूर, नोकरी पीथमपूरला पाळीची. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. दर महिन्याच्या शेवटी घर, मुलं, नोकरी आणि खर्च यांवर तीन-चार पानं लिहून ठेवायची आहेत. मुलं मोठी झाल्यावर त्यांना ती वाचता यावीत, एवढाच हेतू. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात खंड पडला.

जाणकारांनी सांगावं: महिन्याभरातलं नेमकं काय टिपावं? वही कुठली, शाई कुठली, फोटो कसे लावावेत? आणि तारीख कशी घालावी? घरात आजी तिथीने बोलतात, मुलांच्या शाळेत हिंदी पंचांगाचे महिने चालतात, दोन्हींचा मेळ बसत नाही.

कोरंपान

तिसऱ्या महिन्यात खंड पडतो तो आळसाने नाही. ३० तारखेला बसलं की ८ तारखेचं काही आठवत नाही. मग "महिना धावपळीत गेला, मुलं मजेत आहेत" असं लिहून होतं, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच वाक्य येतं आणि लिहिणाऱ्यालाच त्यात राम वाटेनासा होतो. म्हणून आठवणीवर विसंबू नका, रोजचा कच्चा माल जमवा.

त्याची जागा स्वयंपाकघरात आधीच आहे. कालनिर्णयच्या ज्या चौकोनात दुधाचा खाडा मांडता, तिथेच रात्री दोन-चार शब्द टाका: "खालचा दात पडला", "रात्रपाळी, ताप १०१", "आजी जिना चढल्या नाहीत". पूर्ण वाक्य नको. पेन दोऱ्याने खिळ्यालाच बांधून ठेवा, पेन शोधावं लागलं की त्या दिवसाची नोंद बुडाली. वर्ष संपल्यावर कॅलेंडर रद्दीत देऊ नका.

लिहायला शेवटचा रविवार धरू नका, पाळीत तो हुकणारच. नव्या महिन्याची पहिली साप्ताहिक सुट्टी धरा. कॅलेंडरचं पान आणि फोनमधले त्या महिन्याचे फोटो समोर ठेवा, पाऊण तास पुरतो.

सुरुवात एकाच प्रसंगाने करा. तारीख, जागा, कोण काय बोललं, हातात काय होतं. बोलणं जसंच्या तसं उतरवा. मुलगा "मी येऊन राहिलोय ना" म्हणाला असेल तर तसंच लिहा. पुण्याच्या मराठीत सुधारलंत की इंदूरच्या घरातला आवाजच त्यातून गेला. "खूप हुशार झालाय" हे वाक्य काढून टाका आणि तो कशाला काय म्हणाला ते लिहा.

कामाचं लिहिताना मोजता येईल ते आधी: महिन्यात किती रात्री सगळे एकत्र जेवले, किती दिवस मुलं उठायच्या आत बाहेर पडलात, किती डबल पाळ्या झाल्या. मग हातचं एक काम सविस्तर, म्हणजे यंत्र कशामुळे अडलं आणि कशाने सुटलं. वडील दिवसभर नेमकं काय करायचे, हेच मुलांना पुढे ठाऊक नसतं. गिऱ्हाईक कंपन्यांची नावं, यंत्रभागांचे नकाशे, सहकाऱ्यांची भांडणं यात आणू नका.

खर्चाचा अख्खा हिशेब या वहीत नको. दर महिन्याला त्याच पाच वस्तूंचे भाव लिहा: दूध लिटर, तूरडाळ किलो, पेट्रोल लिटर, रिक्षाचं ठरलेलं एक भाडं, कोपऱ्यावरच्या पोह्यांची प्लेट. विजेचे रुपयांसोबत युनिटही लिहा, कारण दर बदलतात आणि नुसत्या रकमेवरून वापर कळत नाही.

उंची मात्र दर महिन्याला मोजू नका. या वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं, म्हणजे महिन्याला जेमतेम अर्धा, आणि घरच्या मापात तेवढी चूक सहज होते. तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी मोजा. टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकलेलं, नजर समोर, आणि डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात. संध्याकाळपर्यंत उंची सुमारे एक सेंटिमीटरने उतरते, म्हणून सकाळ-संध्याकाळची मापं एका रांगेत लिहू नयेत.

शाई_दौत

वही आणि शाईपुरतं सांगतो.

मधोमध पिना मारलेली वही घेऊ नका. पावसाळ्यात पिना गंजतात आणि कागदावर तांबूस डाग उतरतात. पाठीला नुसता गोंद लावलेली वहीही उघडझाप होऊन पानं सोडते. जुजबंदी, म्हणजे कागदांचे जुडगे दुमडून दोऱ्याने शिवलेली बांधणी मागा. खजुरी बाजारात विचारलंत तर दुकानदाराला शब्द कळतो. कागद ९० ते १०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तर कागद जाड). साध्या शालेय वहीचा कागद पातळ असतो, शाईपेनाचं लिखाण पाठीमागे फुटतं. महिन्याला चार पानं म्हणजे वर्षाला ४८ पानं. १९२ पानांची वही हिशेबाने चार वर्षं चालेल, पण अनुक्रमणिका आणि फोटो धरून तीनच वर्षं धरा. फोटो लावून वही फुगली की शिलाईवर ताण येतो.

शाळेची धुता येणारी निळी शाई मुद्दाम पाण्याने निघावी अशीच बनवतात, ती इथे नको. पिगमेंट शाईचं, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं, काळं पेन घ्या आणि विश्वास ठेवण्याआधी तपासा. एका कागदावर चार ओळी लिहा, एक दिवस वाळू द्या, दोन ओळींवर पाण्याचा थेंब टाका. उरलेल्या दोन ओळींपैकी एक पुठ्ठ्याने झाकून कागद महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. थेंबाखाली शाई पसरली किंवा उघडी ओळ झाकलेलीपेक्षा फिकी पडली तर ते पेन बाद.

दुकानाची पावती, सिनेमाचं तिकीट वहीत चिकटवायचा मोह होतो. ती बहुतेक थर्मल कागदाची, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने अक्षरं उमटणाऱ्या कागदाची असतात. नखाने ओरखडा काढल्यावर काळी रेघ उठली तर थर्मल समजा. उष्णतेने आणि प्लास्टिकच्या पाकिटात तर लवकरच अक्षरं उडून कोरा कागद उरतो. आधी झेरॉक्स काढा आणि ती लावा. लॅमिनेशनही नको, ते पुन्हा सोडवता येत नाही.

चिकट पानांवर पातळ फिल्म ओढायचा अल्बम फोटोंना सगळ्यात वाईट. गोंद पिवळा पडतो आणि फोटो निघता निघत नाही. महिन्याचे दोनच फोटो लॅबमधून छापून घ्या आणि कागदी कोपऱ्यांत बसवा. नावं-तारखा फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढून उमटतो. वहीत फोटोखाली लिहा, डावीकडून उजवीकडे.

कपाटात बाहेरच्या भिंतीला टेकलेला आणि तळाचा कप्पा टाळा. जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले, तापवून पुन्हा वापरता येतात. पण निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, चार वर्षांच्या मुलाच्या हाती लागू नयेत. नारिंगी दाण्यांचं घेतलंत तर बरं. पानांत कडुलिंबाचा ओला पाला घालू नका, डाग राहतात. कसर लागते ती खळ आणि धूळ यांवर, म्हणून वही दोन-तीन महिन्यांनी उघडून झटका.

माळवा_पंचांग

तारखेचा गोंधळ खरा आहे आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या प्रत्येक मराठी घरात आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हींचा महिना एकच असतो आणि वद्य पक्षात हिंदी पंचांग एक नाव पुढे जातं. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते ती रंगपंचमी आपल्याकडे फाल्गुन वद्य पंचमी, शाळेच्या पंचांगात चैत्र कृष्ण पंचमी. महाशिवरात्र आपली माघ वद्य, त्यांची फाल्गुन कृष्ण. दिवस तोच असतो, चूक कुणाचीच नाही. मुलांना हे एकदा वहीतच आखून दाखवा.

नोंदीचा महिना मात्र इंग्रजीच धरा. तिथीवर चाललात तर अधिक महिन्याच्या वर्षी तेरा नोंदी होतील. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. मथळ्यात इंग्रजी महिना आणि साल, खाली बारीक अक्षरात शके. १९ मार्च २०२६ च्या पाडव्यापासून शके १९४८. आजींच्या तिथीचे वाढदिवस आणि श्राद्धं एका वेगळ्या पानावर, शुद्ध-वद्यासकट.

सुदामानगर_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. पेन आजच खिळ्याला बांधतो. आणखी दोन गोष्टी: मुलीने वाचायला मागितली तर द्यावी का? आणि संगणकावर प्रत ठेवायची तर कशी?

शिप्राकाठ

दादा, द्यावी. आणि देता येईल अशीच लिहावी. नऊ वर्षांच्या मुलीला आपल्याबद्दलचं पान आवडलं नाही तर ते तिच्यादेखत खोडायची तयारी हवी. गुण, मार, अंथरूण ओलं करणं, दुसऱ्या भावंडाशी तुलना हे लिहूच नका. रागाच्या दिवशी वही उघडू नका, कॅलेंडरवर नुसती खूण करून ठेवा. चार पानांपैकी एक पान आईसाठी मोकळं सोडा. तोच महिना त्यांना वेगळा दिसलेला असतो, आणि रात्रपाळीच्या रात्रींचं तर त्यांनाच माहीत. मुलगी लिहिती झाली आहे, तिला पाव पान द्या आणि शुद्धलेखन तपासू नका.

आजारपण वेगळ्या फायलीत. लसीच्या कार्डाचा फोटो काढून ठेवा: मुलाला ५ ते ६ वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर आणि मुलीला १० व्या वर्षी टीडी (धनुर्वात, घटसर्प) लागेल, तेव्हा कार्ड नेमकं सापडत नाही. खाते क्रमांक, पासवर्ड, आधार यांतलं काहीही वहीत नको.

संगणकावर टंकायचं तर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा पद्धतीने; त्यासाठी संगणकाचा इनस्क्रिप्ट किंवा फोनचा मराठी कीबोर्ड वापरा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अगम्य खुणांसारखं दिसतं. खात्री करायला एक परिच्छेद व्हॉट्सअॅपच्या खिडकीत चिकटवा, मराठी दिसलं तर ठीक. फायलीच्या नावात वर्ष आधी आणि महिना दोन आकडी: २०२६-०१. नुसता १ लिहिलात तर काही यंत्रांवर यादीत त्याच्यामागे २ ऐवजी १०, ११ येऊन बसतात. फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवले की आकाराने घटतात आणि काढल्याची तारीखही जाते, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता. तीन प्रती ठेवा: एक संगणकात, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी नातलगांकडे. पेन ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका. हार्ड डिस्क सहा महिन्यांनी जोडून दोन-चार फायली खरोखर उघडून बघा.

दर महिन्याला दोघांचा एकेक मिनिटाचा आवाज घ्या, प्रश्न तोच ठेवा: "आज डब्यात काय होतं?" चौथ्या वर्षीचं बोबडं उत्तर कागदावर उतरत नाही.

आणि एखादा महिना चुकलाच तर दोन महिन्यांचं एकत्र लिहायला बसू नका, दोन्हींची खिचडी होते. चुकलेल्या महिन्याचं नाव पानावर घाला, कॅलेंडरच्या चौकोनांतले शब्द तारखेसकट उतरवा, उरलेलं पान कोरं सोडा आणि पुढच्या महिन्याला लागा.