मदत हवी आहे: परदेशी पार्टीशी बोलायचं कसं? परवा कॉल आहे, लवकर सांगा

निफाडचा_पुतण्या
नमस्कार. परवा सोमवारी दुपारी साडेतीनला पार्टीबरोबर व्हिडिओ कॉल आहे आणि मला काही सुचत नाहीये. समोरचा माणूस फार तोडून बोलतो. मेल दोन ओळींचा, ना नमस्कार ना विचारपूस. काका म्हणतात, असल्या उद्धट माणसासमोर मी बसणारच नाही. आणि तो काका समोर असताना प्रश्न मला विचारतो, मी उत्तर दिलं की काका नाराज. गिऱ्हाईक मोठं आहे, घालवून चालणार नाही. थिअरी नको, नेमकं काय बोलायचं ते सांगा.

सातपूर_टूलरूम
पार्टी कुठली? दुबई, चीन, जर्मनी? माल कसला? आमच्याकडे जपानी लोक यायचे, तो अनुभव सांगतो. ते गप्प झाले की आपण गप्प बसायचं. ते विचार करत असतात आणि आपण घाईने काहीतरी बोलून मोकळे होतो. दुसरं, मीटिंगमध्ये नवीन विषय काढायचा नाही. आधी एकेकाशी बोलून सगळं ठरवून घ्यायचं, मीटिंग फक्त शिक्कामोर्तबाला. एवढं पाळा, कुठल्याही देशात चालेल.

मेधा_गंगापूररोड
मला वाटतं इंग्रजी बोलण्याचा सराव कमी पडतोय. कॉलेज रोडला संभाषणाचे चांगले क्लास आहेत. माझ्या भाच्याला फार फरक पडला.

निफाडचा_पुतण्या
ताई, परवापर्यंत क्लास कसा लावू? इंग्रजी ठीक आहे माझं. पार्टी हॉलंडची आहे. माल द्राक्षच, निफाडहून दुसरं काय पाठवणार.

द्राक्षसल्ला
युरोपला पाठवत असाल तर ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, बागेची नोंदणी आणि औषधांच्या उर्वरित अंशाची तपासणी झालेली असणं बंधनकारक आहे. फवारणी आणि काढणी यातलं अंतर पाळा. नोंदवही रोजच्या रोज भरा, मागाहून भरलेली वही तपासणीत लगेच लक्षात येते.

निफाडचा_पुतण्या
दादा, ते सगळं झालेलं आहे. माझा प्रश्न बोलण्याचा आहे.

रॉटरडॅमचा_नाशिककर
भाऊ, भांडण नेमकं कशावरून झालं ते तुम्ही अजून सांगितलंच नाही. त्याने मेलमध्ये काय लिहिलं? त्याच्या आधी तुम्ही त्याला काय कळवलं होतं?

निफाडचा_पुतण्या
वीक 11 ला, म्हणजे वर्षाच्या अकराव्या आठवड्यात, दोन कंटेनर भरायचे होते. एक वेळेवर गेला. दुसऱ्याच्या बागेवर अवकाळी झाली, मणी तडकले. मग आम्ही रात्रंदिवस फिरून दिंडोरीकडून माल उभा केला, साखर आणि मण्याची साइज सगळं जुळवलं आणि मग त्याला कळवलं की कंटेनर वीक 12 ला निघेल. त्याचं उत्तर: पाऊस कधी पडला? मला आज का कळतंय? हे चालणार नाही. बस. एवढं करून आम्हालाच बोलणी. काकांचं म्हणणं, उपाय हातात नसताना गिऱ्हाइकाला घाबरवायचं कशाला?

रॉटरडॅमचा_नाशिककर
आता कळलं. त्याचा राग पावसावर नाही आणि तुमच्यावरही नाही. इकडची सुपरमार्केट कुठल्या आठवड्यात कुठली द्राक्षं ऑफरला लावायची हे बरंच आधी ठरवतात. आयातदाराने तो माल कबूल केलेला असतो. पाऊस पडला त्याच दिवशी कळलं असतं तर त्याने तेवढ्यापुरती दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं धरून ठेवली असती, त्यांचा हंगाम अजून थोडा बाकी असतो. तुम्ही माल शोधण्यात घालवलेला वेळ त्याचाही होता. त्यात 2023 च्या अखेरपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालून यायला लागल्या, म्हणजे दहा-बारा दिवस जास्त. असा प्रवास असताना उशिरा आलेली बातमी त्याला फारच महाग पडते.

आपल्याकडे वाईट बातमी उपायासकट आणि मोठ्या माणसाच्या तोंडून सांगणं हा सभ्यपणा. डच माणसाला ती अर्धीमुर्धी का होईना, पण लगेच हवी. आणि सांगणारा कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कागदपत्रं तुम्ही बघता, म्हणून तो तुम्हाला विचारतो. काकांचा अपमान करायचा त्याच्या मनातही नसेल.

एमबीए_नाशिक
याला शास्त्रीय आधार आहे. गीर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणांवरून सत्तेच्या अंतराचा निर्देशांक काढला. भारत 77, नेदरलँड्स 38. म्हणजे आपल्याकडे साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्यातलं अंतर सहज स्वीकारलं जातं, तिथे नाही. हे काकांना समजावून सांगा.

ओझरकर
काकांना निर्देशांक सांगून काय होणार? आणि ती आकडेवारी एका कंपनीच्या नोकरदारांची, तीही सरासरी. समोरचा माणूस सरासरी नसतो.

काकांना वाघाडची आठवण करून द्या. दिंडोरीच्या वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था आहेत. त्यांच्या बैठकीत पाणी सोडण्याच्या पाळीवरून अर्धा एकरवाला मोठ्या बागायतदाराला तोंडावर सुनावतो आणि मग दोघं एकाच मोटरसायकलवर घरी जातात. तिथे कुणी कुणाला उद्धट म्हणत नाही, कारण पाणी सगळ्यांचं. हॉलंडमध्येही समुद्राचं पाणी हटवून जमीन टिकवायची तर सगळ्यांना एकत्र बसावं लागायचं, त्यांची पाणी मंडळं तेराव्या शतकापासूनची आहेत. काकांना हे लगेच पटेल, बघा.

सातपूर_टूलरूम
ओझरकर, पटलं. पण माझा मुद्दा सोडू नका. वाईट बातमी लगेच सांगणं जपानी कंपन्यांतही सक्तीचंच असतं. फरक इतकाच की तिथे ती चारचौघांत सांगत नाहीत.

रॉटरडॅमचा_नाशिककर
म्हणूनच तुमची पद्धत 'कुठल्याही देशात' चालत नाही. डच माणसाशी आधी एकेकट्याने बोलून ठरवायला गेलात तर त्याला संशय येईल की काहीतरी लपवताय.

पेठरोड
सगळे हॉलंडवर बोलताय म्हणून विचारतो. पेठ-सुरगाण्याहून बागेच्या कामाला मजुरांच्या टोळ्या येतात त्यांच्याशी बोलायला आपण शिकलोय का? घरी कोकणा बोलणारी माणसं. बागायतदार मुकादमाशी बोलतो, मजुराशी नाही. होळीला ते गावी जाणार हे दरवर्षी ठरलेलं, तरी कधी जाणार आणि कधी परतणार हे त्यांना कुणी सरळ विचारत नाही. मग सकाळी टोळी आली नाही की शिव्या. तडकाफडकी बोलणारा डच परवडला, तो निदान समोरच्याला विचारतो तरी.

मेधा_गंगापूररोड
हे अगदी खरं आहे. यावर वेगळा धागा काढा, मलाही लिहायचं आहे.

निफाडचा_पुतण्या
विषय महत्त्वाचा आहे, पण माझा कॉल परवा आहे हो. काका वाघाडचं ऐकून गप्प झाले आहेत, बहुतेक बसतील. आता नेमकं बोलू काय?

रॉटरडॅमचा_नाशिककर
सुरुवात काकांना करू द्या. दोन मिनिटं, हंगाम कसा चाललाय एवढंच. मग काकांनीच म्हणायचं, तपशील पुतण्या सांगेल. हे आज रात्री बसून ठरवा, म्हणजे प्रश्न तुमच्याकडे आला तरी काकांचा मान राहील.

मग तुम्ही: पाऊस कुठल्या तारखेला झाला, किती माल गेला, आता कंटेनरमध्ये किती पॅलेट आहेत, बोट कुठे आहे. ठाऊक नसेल ते तसंच सांगा आणि कधी कळवाल तो वार सांगा. त्या वारी नवीन काही नसलं तरी मेल टाका. 'प्रयत्न करतो' नको. आपली मेहनत, रात्रीचं जागरण, जुने संबंध यातलं काही नको. भरपाईची मागणी आली तर कॉलवर कबूल करू नका, लेखी मागवा.

आकडे जपून लिहा. तिथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, 4,5 किलो म्हणजे साडेचार किलो. लाख त्यांना कळत नाही.

आणि वेळ तपासा. मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे उद्याच, त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात. त्याने कॉल त्याच्या अकराचा दिला असेल तर सोमवारी तो आपल्या अडीचला आहे, साडेतीनला नाही.

निफाडचा_पुतण्या
बापरे. हो, अकराच लिहिलंय. साडेतीन मी हिशेब करून काढले होते. अडीचची आठवण लावली. पॅलेटची यादी आणि बोटीचा तपशील आजच मेल करतो, काकांना सीसीमध्ये ठेवून. मेलच्या शेवटी गैरसोयीबद्दल दिलगिरीचा एक परिच्छेद लिहिलाय, तो ठेवू का?

रॉटरडॅमचा_नाशिककर
एक वाक्य ठेवा. त्याच्याखाली पुढच्या वेळी पाऊस झाला तर किती तासांत कळवाल ते लिहा. तो आधी तेच वाचेल.

द्राक्षसल्ला
आणि मेलला तपासणीचा अहवाल जोडा.