मिरजेत तानपुऱ्याचं काम शिकायचंय, पण नोकरी सोडायचा धीर होत नाही

सीएनसीवाला (प्रश्न)
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर ऑपरेटर आहे. वय ३४, कायम नोकरीला ४ वर्षं ५ महिने झाले. मिरजेत तानपुऱ्याचं काम, त्यातही जवारी, म्हणजे तारेखालची घोडी घासून तारेचा नाद जुळवणं, शिकून त्यावरच पोट भरायचं हे मनात पक्कं आहे. घरात कोणी कारागीर नाही. राजीनामा लिहायला बसलं की मात्र धीर सुटतो. असा विश्वास येतो कुठून? की तो यायची वाट न बघताच सोडायचं असतं? नेमकं सांगा. "मनाचं ऐका" एवढंच नको.

खर्ज
दादा, राजीनामा तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या हातानं अजून एकही तार बोललेली नाही, मग विश्वास बसणार कशावर? या कामाची एक गोष्ट मोठी चांगली आहे: जमलं की नाही ते तिथल्या तिथे कानाला कळतं. तेव्हा जवारीपासूनच बोलू.

तानपुऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या किंवा लाकडाच्या तुकड्याचा, माथा दिसायला सपाट, पण त्याला अगदी मंद उतार असतो. तार कंप पावताना त्या उतारावर हलकेच घासते आणि त्यातून तो भरलेला, वर वर उमलत जाणारा नाद निघतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सूत सरकवून नेमकी जागा धरतात. सूत पुढं-मागं करूनही आवाज बदलत नसेल तर माथा सपाट राहिलाय, किंवा उंचवटा चुकीच्या जागी आलाय. केसभर जागेतच बोलते आणि पुढं लगेच मुकी होते, तर उतार जास्त झालाय. कोरडा "टक" असा आवाज आला तर तार नको तेवढी टेकतेय.

काम असं: तार सैल करून बाजूला घ्या. घोडीच्या माथ्यावर तारेनं घासून चकाकलेली रेघ उजेडात तिरकी धरून बघा. बारीक कानस तारेच्या दिशेनं चालवा, एका वेळी ८-१० हात, त्याहून जास्त नाही. मग बारीक पॉलिश पेपर, पुसून घ्या, तार चढवा, सुरात लावा, ऐका. पुन्हा उतरवा. एका तारेसाठी हे वीस वेळाही करावं लागतं. नवशिक्याचं चुकतं ते इथंच. उतरवायचा कंटाळा येतो, एकदम पन्नास हात मारले जातात, आणि गेलेलं हाड परत भरता येत नाही.

चारही तारा सारख्या बोलत्या करणं हे खरं अवघड. मधल्या दोन जोडीच्या तारा पोलादी, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, पितळी. खर्ज जाड, तिचा झोका मोठा, म्हणून तिच्याखालचा उतार वेगळा लागतो. मशीनवरची तुमची सवय इथं अर्धी कामी येईल आणि अर्धी आड येईल. हात स्थिर आहे, बारीक फरक दिसतो, ही जमेची बाजू. पण इथं ड्रॉइंग नाही. प्रत्येक भोपळा निराळा आणि गवयाची मागणीही निराळी, कुणाला खुली, जास्त झणकारणारी जवारी हवी तर कुणाला बंद, मऊ आवाजाची.

सुरुवातीला एक जुना, वाजता तानपुरा आणि पाच-सहा कोऱ्या घोड्या घ्या. चांगल्या वाद्याच्या मूळ घोडीला हात लावू नका. मिरजेत वाद्यं बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत कुणाकडं गेलात तर पहिल्याच दिवशी जवारी शिकवा म्हणू नका. भोपळा साफ करणं, खुंट्या बसवणं, लाखेचं पॉलिश, जे देतील ते करा. जवारी साधारण शेवटी हाती देतात, आणि ते बरोबरच आहे. कान तयार व्हायला तोवरचा वेळ लागतोच.

कसोटी सांगतो: तीन वेगवेगळ्या तानपुऱ्यांच्या चारही तारा लावून द्या. आठवडाभर गाणाऱ्यानं वापरून एकही परत आणला नाही, तर राजीनाम्याचा विचार करा.

हिशोबवही
वरचं सगळं पटतं. पैशाची बाजू मी मांडते, कारण धीर सुटतो त्यातला निम्मा भाग आकडे न मांडल्यामुळे असतो.

ग्रॅच्युइटीला ५ वर्षं सलग नोकरी लागते. तुमचे ७ महिनेच राहिलेत. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार आणि भत्ता मिळून १८,००० धरले तर ५ वर्षांचे सुमारे ५१,९०० रुपये होतात. आज राजीनामा दिलात तर तेवढ्यावर पाणी. पीएफलाही ५ वर्षांची मेख आहे: त्याआधी काढलात तर कर लागू शकतो. मला विचाराल तर काढूच नका.

घरखर्च महिन्याला २२,००० असेल तर १२ महिन्यांचे २,६४,००० वेगळ्या खात्यात हवेत. हत्यारं आणि जुना तानपुरा यांचा खर्च यात धरायचा नाही. कुटुंबाचा आरोग्य विमा नोकरीत असतानाच काढा. बहुतेक पॉलिसींत पहिले ३० दिवस अपघात सोडून दावा मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

योजनांबद्दल गैरसमज फार आहेत. पीएम विश्वकर्मा ही कारागिरांसाठीची केंद्राची योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यातल्या १८ व्यवसायांत सुतार आहे, वाद्यं बनवणारा असा वेगळा व्यवसाय नाही. हत्यारांसाठी १५,००० पर्यंत आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाख कर्ज, पण ते त्या कामात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला. शिकत असताना त्यावर भिस्त ठेवू नका. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ही अभिमानाचीच गोष्ट आहे, पण ते नाव अधिकृतपणे वापरायला उत्पादकाला स्वतःची नोंदणी करावी लागते.

उत्पन्नाचा अंदाज नव्या वाद्यांवर बांधू नका. तारा घोडीत चऱ्या पाडतात, जवारी उतरते आणि गिऱ्हाईक परत येतं. सुरुवातीचं घर दुरुस्तीवरच चालेल.

कृष्णाकाठ
एक भर. हे ७ महिने पावसाळा धरून जातील असं बघा. दमट हवेत भोपळा, लाकूड, सांधे सगळंच हलतं आणि जुलैत बसवलेली जवारी उन्हाळ्यात तशी राहतेच असं नाही. दोन्ही ऋतूंत काम करून बघितलेलं असेल तर नंतर एखादं वाद्य परत आलं तरी हाय खाणार नाही.

आणि घरी वहिनींना मोघम सांगू नका. कागदावर तारीख, खात्यातली रक्कम आणि "अमुक महिन्यापर्यंत दुरुस्तीतून अमुक आले नाहीत तर पुन्हा शिफ्ट धरणार" हे लिहून दाखवा. शेवटच्या ओळीमुळं घरच्यांचा निम्मा घोर कमी होतो. ती ओळ लिहिणं म्हणजे माघार नव्हे.

सीएनसीवाला
मनापासून आभार. ७ महिने थांबतो, संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस कामाला. एक शंका: घोडीला सांबरशिंगच उत्तम म्हणतात, मिळालं तर घेऊ का?

खर्ज
अजिबात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्याचा व्यापार बंद आहे, "जुनं आहे" म्हणून कुणी देऊ केलं तरी घेऊ नका. शिकायला उंटाचं हाड बरं. घासताना नाकाला मास्क बांधा, तो भुगा छातीत जाऊ देऊ नका. आबनूसही चालतो, त्याचा आवाज जरा मऊ येतो. आणि बिघडलेली घोडी टाकू नका. मागं पेन्सिलीनं तारीख, कोणती तार आणि काय चुकलं ते लिहून डब्यात ठेवा. दोन महिन्यांनी सगळ्या ओळीनं मांडून उजेडात तिरक्या धरून बघा.