‘घडणावळ’ नाण्यांना चालेल का?

प्लॅटिनम, टायटॅनियम असल्या धातूंच्या नाण्यांवर लिहितोय. ‘नाणी पाडण्याचा खर्च’ दर वेळी लिहून कंटाळा आला, ‘टंकन खर्च’ म्हटलं की लोकांना टायपिंगच आठवतं. दागिन्यांची असते तशी नाण्याची घडणावळ म्हटलं तर?

– बिनधास्त म्हणा. फक्त धातूचा भाव त्यात धरू नका, घडणावळ म्हणजे निव्वळ कामाचे पैसे, आणि तुमच्या विषयात खरी गंमत तिथेच आहे. रशियाने १८२८ पासून प्लॅटिनमची रुबल नाणी काढली, ३ ची, मग ६ आणि १२ ची, पण प्लॅटिनम वितळतं १७६८ अंश सेल्सियसला, तेव्हाच्या भट्ट्यांना ते झेपेना, म्हणून त्याचा भुसभुशीत स्पंज करायचा, तो दाबायचा, तापवायचा, ठोकायचा आणि मग कुठे नाण्याच्या कोऱ्या चकत्या. शिक्का मारणं राहिलं शेवटी, निम्मा जीव चकतीतच गेला! १८४५ ला बंद केली ती नाणी.

– ओतीव नाण्याला ‘पाडलं’ म्हणतात ते मात्र मला खटकतं. पाडायचा तो ठसा.

– सहमत. आणि टायटॅनियम तर ठसाही धड पाडू देत नाही, दाबाखाली ठसा उमटवणाऱ्या साच्यालाच चिकटतं, मग ओरखडे येतात आणि साचे लवकर बाद, म्हणजे घडणावळ वाढलीच. आणखी एक उदाहरण, ऑस्ट्रियाची २५ युरोची नाणी बघा, २००३ पासूनची, बाहेर चांदी आत नायोबियम नावाचा धातू. मधला निळा-हिरवा भाग रंगवलेला नसतो, वीज सोडून ऑक्साइडचा पातळ थर चढवतात, थर जितका जाड तसा रंग बदलतो. याला ‘रंगीत नाणं’ म्हणावं का, हा वेगळाच वाद.

बरं, धातू साधा असला म्हणून सुटका नाही. १९४३ ला तांबं युद्धाला हवं म्हणून अमेरिकेने जस्त चढवलेल्या पोलादाचे सेंट काढले. चकत्या कापल्या आधीच जस्त चढवलेल्या पट्टीतून, त्यामुळे कड उघडी राहिली आणि गंज तिथूनच धरला.

– एक सूचना. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेला १ सेंटचं नाणं ३.६९ सेंटला पडत होतं, पण त्यात धातू, मजुरी, वाहतूक सगळंच आलं. असल्या आकड्यांना घडणावळ नका लावू हो, तिथे सरळ ‘उत्पादन खर्च’ लिहा.