उजवं श्रवणयंत्र बंद पडलंय, कानातली शिट्टी वाढलीय. तातडीने मदत हवी

पाणवठा (शनिवार, सकाळी ९:४०)
दोन्ही कानांना यंत्रं आहेत, कानामागे बसणारी, बारीक तार आणि टोकाला रबरी डोम. उजव्यातून आवाज येईनासा झालाय. आलाच तर घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. कानातली शिट्टी एरवी फक्त रात्री जाणवायची, ती आता दिवसभर आहे. जिथून यंत्रं घेतली ते सोमवारी उघडतील. बॅटरी बदलून झाली. घरच्या घरी दुरुस्त कसं करायचं ते सांगा. "डॉक्टरांना दाखवा" असं कृपया लिहू नका, डॉक्टर यंत्राला हात लावत नाहीत.

खडूचा_डबा
बॅटरी कुठली, ३१२ तपकिरी की १३ केशरी? झिंक-एअर असेल तर स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं मोकळी ठेवा, मग आत घाला. तिला हवा लागते. मी सुरुवातीला लगेच झाकण लावायचो आणि सगळं पाकीटच खराब समजून टाकून द्यायचो.

पाणवठा
केशरी. थांबलो होतो. बॅटरी नाहीये कारण.

सांजसावली
मळाची जाळी बदला. डोम काढलात की रिसीव्हरच्या (कानात जाणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) टोकाला इवलीशी पांढरी जाळी दिसेल. माझं यंत्र आजवर तीनदा "मेलं" आणि तिन्ही वेळा जाळीच बुजली होती. डोमलाही मळ लागतो. आणि रात्री ओल शोषणाऱ्या डबीत ठेवता ना? घामाने आतला भाग खराब होतो.

रानवारा
मी तर म्हणेन, यंत्राच्या मागेच लागू नका. मी चार महिने वापरून ठेवून दिलं. कागद चुरगाळला तरी डोक्यात घण बसायचे, स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा. त्यापेक्षा शिट्टीवर काम करा. रात्री पूर्ण शांततेत झोपू नका, पंखा किंवा पावसाचा आवाज शिट्टीपेक्षा जरा हळू ठेवा. मी समुपदेशकाकडे सीबीटी केली, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायची उपचारपद्धती. शिट्टी आहे तिथेच आहे, पण आता मी तिची वाट बघत पडून राहत नाही.

सांजसावली
@रानवारा, सीबीटीचं पटलं, त्याला चांगला आधार आहे. पण यंत्र सोडा हे इथे सांगू नका. स्वतःचा आवाज घुमतो तो कान पूर्ण बंद झाल्यामुळे. उघडा डोम बसवला असता तर कमी झाला असता. आणि कानात बारीक नळी घालून, पडद्यापाशी खरंच किती आवाज पोचतो ते मोजून लावलं होतं का तुमचं? बरेच जण नुसता ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) कॉम्प्युटरला देतात आणि तो म्हणेल तेवढा आवाज ठेवतात.

रानवारा
नळीबिळी काही घातली नव्हती. पण चार महिने ही काय कमी मुदत आहे?

सांजसावली
रोज किती तास घालायचात? मी पहिल्या महिन्यात फक्त पाहुणे आले की घालायचे, तेव्हा मलाही भांड्यांचा आवाज सोसायचा नाही. दिवसभर घालायला लागल्यावर सहाएक आठवड्यांत मेंदू सरावला. स, श, फ हे आवाज २००० हर्ट्झच्या वरचे. ते वर्षानुवर्षं ऐकलेच नसतील तर आधी टोचणारच. माझी शिट्टीसुद्धा यंत्र घातलं की मागे पडते, कारण बाहेरचं काहीतरी ऐकायला मिळतं.

अर्धविराम
तुमची चर्चा वेगळ्या धाग्यावर न्या, इथे मूळ प्रश्न राहतोय. पाणवठा, चार गोष्टी सांगा. १) हे कधीपासून? २) हळूहळू झालं की एकदम? ३) कान भरल्यासारखा वाटतो का, चक्कर येते का? ४) उजवं यंत्र चालू करून मुठीत घट्ट धरा. यंत्रातून शिट्टी वाजते का?

पाणवठा
मुठीत धरलं की दोन्ही यंत्रं सारखीच जोरात वाजतात. जाळी बदलली, फरक नाही. कधीपासून याचा यंत्राशी काय संबंध ते कळलं नाही, पण बुधवारी सकाळी उठल्यापासून. मंगळवारी रात्री फोनवर बोललो तेव्हा व्यवस्थित होतं. कान दडपल्यासारखा आहे. चक्कर नाही.

अर्धविराम
मुठीत वाजतंय म्हणजे माइकपासून रिसीव्हरपर्यंत यंत्र चालू आहे. बहुतेक ऐकणंच कमी झालंय. एका रात्रीत, एकाच कानाचं, आणि शिट्टी वाढलेली. हे आतल्या कानाचं असेल तर सोमवारपर्यंत थांबू नका. स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत देतात आणि जितकं लवकर तितकं बरं. तुमचा आज चौथा दिवस. कान-नाक-घसा तज्ज्ञ आजच गाठा, नाहीतर इस्पितळाचा तातडीचा विभाग. बोलताना "यंत्र बिघडलं" म्हणू नका, "बुधवारी सकाळी उजव्या कानाने ऐकू येणं एकदम कमी झालं" असं म्हणा.

जुनी_वही
घाबरवू नका हो त्यांना. मळ फुगला असेल. कोमट तेलाचे दोन थेंब घालून रात्रभर कापूस लावा, मलाही अगदी असंच झालं होतं.

अर्धविराम
मळ असूही शकतो, आणि असला तर उत्तमच. पण कानात डोकावल्याशिवाय ते कळणार नाही, आणि तेलाची वाट बघण्यात आणखी दोन दिवस जातील. पाणवठा, दोन्ही यंत्रं काढा, तोंड मिटून "म्म्म" असा सूर धरा. कुठल्या बाजूला मोठा ऐकू येतो? मळाने कान बंद असेल तर सूर सहसा बंद कानाकडे जातो. आतला कान बिघडला असेल तर चांगल्या कानाकडे. हा नुसता अंदाज आहे. उत्तर काहीही आलं तरी जायचंच.

पाणवठा
डावीकडे. निघतो.

खडूचा_डबा
औषधं चालू असतील तर यादी बरोबर घ्या. मधुमेह वगैरे?

पाणवठा
मधुमेह आहे. लिहायचं सुचलंच नाही.

खडूचा_डबा
मग तिथे पहिलं वाक्य तेच सांगा. स्टेरॉइडने साखर चढते.

पाणवठा (मंगळवार, संध्याकाळी ६:१५)
उशिरा लिहितोय. शनिवारी दुपारीच तपासलं. कान स्वच्छ, पडदा ठीक. ऑडिओमेट्रीत उजवा कान १०००, २००० आणि ४००० हर्ट्झला मागच्या आलेखापेक्षा ३५ ते ४५ डेसिबल खाली. जुना आलेख घरात सापडला म्हणून तुलना झाली, तो कुणीही फेकू नका. साखरेमुळे गोळ्यांऐवजी पडद्यातून मधल्या कानात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. पहिलं झालं, पुढचं शुक्रवारी. श्रवण-नसेवर गाठ वगैरे नाही ना हे बघायला एमआरआय सांगितलाय. दडपण कालपासून जरा कमी आहे, शिट्टी तेवढीच. अर्धविराम, तुमच्यावर चिडलो होतो, माफ करा. बुधवारपासून शनिवारपर्यंत मी जाळ्या आणि बॅटऱ्याच बदलत बसलो होतो. एक विचारायचंय, उजवं यंत्र नव्या आलेखाप्रमाणे आत्ताच वाढवून घेऊ का?

सांजसावली
आत्ता नको. ऐकणं पुढच्या काही आठवड्यांत वर येऊ शकतं, मग तेच यंत्र जास्त मोठ्याने वाजेल. उपचार संपल्यावरच्या ऑडिओग्रामवर लावून घ्या. तोवर लोकांना डाव्या बाजूला बसवा.

जुनी_वही
तेलाचं मी उगाच सांगितलं. एमआरआयचं कळवा. आणि यंत्रं काढून ठेवूनच आत जा, तिथे धातू चालत नाही.